अवयव पाडण्याचा सराव: उदाहरण सोडवण्याआधी उदाहरण घडवावे

एका विद्यार्थिनीच्या वहीत क्ष² + ५क्ष + ६ या राशीचे अवयव मला पुढीलप्रमाणे लिहिलेले आढळले: क्ष(क्ष + ५) + ६. आकडेमोडीत कोठेही चूक नव्हती आणि राशीची किंमतही बदललेली नव्हती. तरीही हे अवयव नव्हेत, आणि ते का नव्हेत हे तिला सांगता येईना, कारण कंस आला की अवयव झाले एवढीच तिची समजूत होती. अशा वेळी व्याख्या पुन्हा पाठ करून घेण्यापेक्षा एक साधी कृती करून घ्यावी. क्षच्या जागी ४ ठेवून किंमत काढायला सांगावे आणि सगळ्यांत शेवटी कोणती क्रिया केली, एवढेच विचारावे. तिने आधी ४ × ९ = ३६ केले आणि मग ६ मिळवून ४२ काढले; शेवटची क्रिया बेरजेची होती, म्हणून ती राशी अजून बेरीजच आहे. (क्ष + २)(क्ष + ३) मध्ये मात्र ६ आणि ७ तयार झाल्यावर शेवटी गुणाकार होतो. शेवटची क्रिया गुणाकाराची असेल तरच राशी अवयवांच्या रूपात आली, ही कसोटी एकदा हाताला लागली की वर्षभर पुरते.

शाळेत गुणाकार एका प्रकरणात शिकवला जातो आणि अवयव दुसऱ्या प्रकरणात, त्यामुळे दुसरी क्रिया ही पहिलीचीच उलट वाट आहे हे मुलांच्या लक्षात राहत नाही. ज्या विद्यार्थ्याने एखादी राशी स्वतः गुणाकार करून घडवली आहे, त्याला ती उलगडणे जड जात नाही. म्हणून शिक्षकांना आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांना माझे सांगणे असे आहे की सराव देताना उदाहरणे घडवण्याचे काम आधी मुलांकडे द्यावे आणि सोडवण्याचे काम त्यामागून येऊ द्यावे.

चौकटीत केलेला गुणाकार

दोन रकाने आणि दोन ओळी अशी चौकट काढावी. (२क्ष + १)(३क्ष + ४) हा गुणाकार करायचा असेल तर वर २क्ष आणि १ लिहावे, डावीकडे ३क्ष आणि ४ लिहावे आणि प्रत्येक घरात त्याच्या माथ्यावरच्या व डावीकडच्या पदांचा गुणाकार भरावा. पहिल्या ओळीत ६क्ष² आणि ३क्ष येतात, दुसऱ्या ओळीत ८क्ष आणि ४ येतात, आणि चारही घरांची बेरीज ६क्ष² + ११क्ष + ४ होते. आता मुलांना दोन्ही कर्णांवरच्या घरांचे गुणाकार करायला सांगावे. ६क्ष² × ४ आणि ३क्ष × ८क्ष हे दोन्ही गुणाकार २४क्ष² येतात. दुसऱ्या एखाद्या चौकटीतही हे घडते का, हा प्रश्न मुलांकडूनच येतो. न आल्यास थोडे थांबावे, पण आपण होऊन उत्तर सांगू नये. प्रत्येक कर्णाच्या गुणाकारात बाहेरची चारही पदे एकेकदा येतात, म्हणून दोन्ही गुणाकार नेहमीच सारखे असतात, हे कारण नववीच्या मुलांना स्वतः सापडू शकते.

खरी मेख येथेच आहे. ६क्ष² + ११क्ष + ४ चे अवयव पाडताना ६ आणि ४ यांचा गुणाकार २४ का घ्यायचा आणि ज्यांचा गुणाकार २४ व बेरीज ११ आहे अशा दोन संख्या का शोधायच्या, हे कित्येक मुलांना कधीच उमगत नाही. ती निमूटपणे रीत पाळतात आणि वर्षभराने ती विसरतात. चौकट उलट भरायला दिली की रीत आपोआप समोर येते. एका कर्णावर ६क्ष² आणि ४ लिहून द्यावे आणि उरलेली दोन घरे अशी भरायला सांगावी की त्यांची बेरीज ११क्ष होईल. कर्णांचे गुणाकार सारखे असतात हे मुलांनी आधीच पाहिलेले असते, त्यामुळे ती २४ च्या जोड्या मांडतात: १ आणि २४, २ आणि १२, ३ आणि ८, ४ आणि ६. यांतील ३ आणि ८ ही जोडी बसते. मग पहिल्या ओळीतून ३क्ष आणि दुसऱ्या ओळीतून ४ सामाईक काढला की डावीकडची पदे मिळतात आणि वरची २क्ष + १ आपोआप ठरते.

ऋण चिन्हांसाठी वेगळी चौकट लागत नाही, पण एका जागी हमखास पाय घसरतो. ६क्ष² − ५क्ष − ४ मध्ये मधल्या पदाची फोड ३क्ष आणि −८क्ष अशी होते आणि राशी ६क्ष² + ३क्ष − ८क्ष − ४ बनते. शेवटच्या दोन पदांतून −४ बाहेर काढल्यावर आत २क्ष + १ उरते. मुले मात्र सवयीने २क्ष − १ लिहितात, आणि दोन कंस जुळले नाहीत की उदाहरणच चुकीचे आहे असे समजून सोडून देतात. त्या क्षणी दोन कंसांवर बोट ठेवून "हे दोन्ही सारखे यायला हवे होते का?" एवढेच विचारावे. कंस न जुळणे ही चूक सापडल्याची खूण आहे हे कळले की मूल पान उलटण्याऐवजी एक ओळ मागे जाऊन पाहते.

दहा घेऊन केलेला ताळा

ताळा पाहण्यासाठी कंसांचा पुन्हा गुणाकार करणे हा चांगलाच मार्ग आहे, पण थकलेले मूल तो टाळते. क्षच्या जागी १० ठेवणे हा त्याहून सुटसुटीत मार्ग आहे, कारण आपली संख्यालेखनाची पद्धतच दहाच्या घातांवर उभी आहे. क्ष² + ५क्ष + ६ ची किंमत १५६ होते, आणि (क्ष + २)(क्ष + ३) म्हणजे १२ × १३, तेही १५६. सहगुणक धन आणि एकअंकी असले तर ते जसेच्या तसे संख्येत उतरतात. २क्ष² + ७क्ष + ३ ची किंमत २७३, म्हणजे २१ × १३, आणि अवयव (२क्ष + १)(क्ष + ३). हे पाहून मुले हरखून जातात आणि संख्येचे अवयव पाडून राशीचे अवयव ओळखू लागतात.

ती येथवर आली की त्यांना क्ष² + क्ष + १ द्यावे. १० ठेवल्यावर १११ मिळतात आणि १११ = ३ × ३७; परंतु या राशीचे पूर्णांक सहगुणकांचे अवयव पडत नाहीत. राशीचे अवयव पडले तर संख्येचेही त्याच धर्तीवर पडतात, उलट मात्र खात्रीने म्हणता येत नाही, हा फरक एवढ्या लहान उदाहरणातून स्पष्ट होतो. एका किमतीला ताळा जुळणे म्हणजे सिद्धता नव्हे, हेही त्याच ओघात सांगून टाकावे.

सरावाची उदाहरणे कशी निवडावीत

एकाच साच्याची चाळीस उदाहरणे सोडवून हात बसतो हे खरे, पण तो त्या साच्यापुरताच बसतो. मला अधिक उपयोगी वाटलेली पद्धत अशी: प्रत्येक विद्यार्थ्याने दोन कंस निवडून, त्यांचा गुणाकार करून पाच राशी तयार कराव्यात, त्यांत एक राशी अशी मिसळावी की जिचे पूर्णांकांत अवयव पडत नाहीत, आणि तो कागद शेजाऱ्याला द्यावा. अवयव न पडणारी राशी तयार करणे वाटते तितके सोपे नाही. क्ष² + ४क्ष + ६ लिहिणाऱ्याला, ६ च्या जोड्या १ व ६ आणि २ व ३ एवढ्याच आहेत, त्यांच्या बेरजा ७ आणि ५ येतात आणि दोन्ही ऋण घेतल्या तर बेरीज ऋण होते, म्हणून ४ कधीच मिळणार नाही, असे पटवून द्यावे लागते. "मला जमले नाही" आणि "हे होऊ शकत नाही" या दोन विधानांमधले अंतर मुले येथे पहिल्यांदा ओलांडतात, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

सामाईक अवयव आधी पाहण्याची सवय मात्र सक्तीने लावावी. ४क्ष² − ३६ चे (२क्ष − ६)(२क्ष + ६) असे उत्तर लिहून मुले थांबतात. आधी ४ बाहेर काढला असता तर ४(क्ष − ३)(क्ष + ३) सरळ मिळाले असते. क्ष⁴ − १६ चे अवयव (क्ष² + ४)(क्ष² − ४) येथे संपत नाहीत, कारण दुसरा कंस अजून फुटतो. प्रत्येक उत्तराखाली "यातला एखादा कंस अजून फुटतो का?" हा प्रश्न लिहून ठेवावा. रोज दहा-पंधरा मिनिटे, नव्या प्रकाराच्या दोन-तीन उदाहरणांबरोबर जुन्या प्रकारांची दोन-तीन मिसळून दिलेला सराव एका सुट्टीत उरकलेल्या ढिगापेक्षा चांगला मुरतो.

एक पद बदलत राहिल्यास

उदाहरणे घडवता घडवता शोध सुरू होतो, फक्त ती सुटी न घडवता, एकच पद बदलत, गटाने घडवावी लागतात. क्ष² + ६क्ष + क मध्ये कोणत्या पूर्णांक क साठी अवयव पडतात, असे विचारावे. ज्यांची बेरीज ६ आहे अशा जोड्या मांडल्या की क च्या किमती ९, ८, ५, ०, −७, −१६, −२७ अशा मिळतात. पहिल्यांदा त्या विस्कळीत दिसतात. प्रत्येक किंमत ९ पासून किती दूर आहे ते लिहायला सांगितले की ०, १, ४, ९, १६, २५, ३६ असा वर्गसंख्यांचा क्रम उभा राहतो. कारण असे की बेरीज ६ असलेल्या दोन संख्या ३ + म आणि ३ − म अशा लिहिता येतात आणि त्यांचा गुणाकार ९ − म² होतो. म्हणजे ९ − क हा पूर्ण वर्ग असेल तेव्हाच अवयव पडतात. मधला सहगुणक ५ घेतला तर किमती ६, ४, ०, −६, −१४ येतात आणि तेथे २५ − ४क पूर्ण वर्ग असावा लागतो. पुढे दहावीत वर्गसमीकरणाचा विवेचक (अक्ष² + बक्ष + क = ० मधील ब² − ४अक) समोर येतो तेव्हा ज्या मुलांनी हे तक्ते केलेले असतात त्यांना तो ओळखीचा वाटतो.

दुसरा शोध एका चुकीतून सुरू करता येतो. फळ्यावरील क्ष² + ५क्ष + ६ उतरवून घेताना एखादा विद्यार्थी शेवटचे चिन्ह चुकवून क्ष² + ५क्ष − ६ लिहितो, आणि त्याचेही उत्तर येते: (क्ष + ६)(क्ष − १). चिन्ह बदलूनही अवयव पडावेत, ही नेहमी घडणारी गोष्ट नाही. क्ष² + ७क्ष + १२ चे अवयव पडतात, पण क्ष² + ७क्ष − १२ चे पडत नाहीत. मग आणखी कोणत्या राशींना दोन्ही चिन्हे चालतात? हा प्रश्न आठवडाभर फळ्याच्या कोपऱ्यात राहू द्यावा. मुले हळूहळू आणून देतात: १० आणि २४, १३ आणि ३०, १७ आणि ६०, २५ आणि ८४. उदाहरणार्थ, क्ष² + १३क्ष + ३० म्हणजे (क्ष + ३)(क्ष + १०), आणि क्ष² + १३क्ष − ३० म्हणजे (क्ष + १५)(क्ष − २).

५, १०, १३, १७, २५ ही यादी नुसती पाहून एखादे मूल म्हणते की या संख्या पायथागोरसच्या त्रिकुटांत येतात. तसेच आहे. ३, ४, ५ चा कर्ण ५; ५, १२, १३ चा कर्ण १३; ८, १५, १७ चा कर्ण १७; ७, २४, २५ चा कर्ण २५. आणि दुसरी संख्या? ३ × ४ ची निमपट ६, ५ × १२ ची निमपट ३०, ८ × १५ ची निमपट ६०, म्हणजे त्या काटकोन त्रिकोणाचे क्षेत्रफळच. आता सिद्धता दोन ओळींची उरते. काटकोन करणाऱ्या बाजू अ आणि ब असतील व कर्ण ह असेल, तर ह² = अ² + ब². क्षेत्रफळाची चौपट म्हणजे २अब. ती ह² मध्ये मिळवली की (अ + ब)² होते आणि वजा केली की (अ − ब)² होते, आणि पूर्ण वर्ग आला की अवयव पडतात हे मुलांनी मागच्याच तक्त्यात पाहिलेले असते. उलट दिशेनेही हे खरे आहे: शेवटचे पद शून्य नसताना दोन्ही चिन्हांना अवयव पडले, तर मागे असा काटकोन त्रिकोण असतोच. एकच संख्या मिळवूनही आणि वजा करूनही वर्गच राहणाऱ्या वर्गसंख्यांचा विचार फिबोनाची यांनी १२२५ साली लिहिलेल्या ग्रंथात केलेला आहे. आपल्या वहीतली एक चूक इतक्या जुन्या प्रश्नापाशी नेऊन पोचवते, हे मुलांना जरूर सांगावे.

संख्यांकडे परत

दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र पाठ असलेल्या मुलांनाही ९९९१ चे अवयव विचारले तर ती ३, ७, ११ ने भाग देऊ लागतात. ९९९१ = १००² − ३² असे लिहिले की ९७ × १०३ लगेच मिळते. फ्रान्समधील गणिती पिएर द फर्मा यांनी १६४३ साली २,०२,७६,५१,२८१ या संख्येचे अवयव याच मार्गाने काढले होते. या संख्येचे वर्गमूळ ४५,०२९ पेक्षा थोडे मोठे आहे, म्हणून ४५,०३० पासून सुरुवात करायची, प्रत्येक संख्येच्या वर्गातून दिलेली संख्या वजा करायची आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचे. बाराव्या वेळी, ४५,०४१ ला, बाकी १०,४०,४०० म्हणजे १०२० चा वर्ग येते, आणि अवयव ४४,०२१ व ४६,०६१ मिळतात. वर्गात बारा मुलांना एकेक संख्या वाटून दिली तर हे काम एका तासिकेत तडीस जाते. ६, १०, १४ या संख्या मात्र दोन पूर्णांकांच्या वर्गांच्या वजाबाकीने कधीच मिळत नाहीत. का मिळत नाहीत ते मुलांना शोधू द्यावे. अ + ब आणि अ − ब हे एकतर दोन्ही सम असतात किंवा दोन्ही विषम, एवढी सूचना पुरे होते.

बेरजेचे अवयव पडत नाहीत अशी एक समजूत क्ष² + ४ सारख्या राशींमुळे रूढ होते. तिच्यासाठी न⁴ + ४ चा तक्ता करून घ्यावा. न च्या १ ते ५ या किमतींना ५, २०, ८५, २६०, ६२९ मिळतात, आणि ते १ × ५, २ × १०, ५ × १७, १० × २६, १७ × ३७ असे लिहिता येतात. पहिल्या अवयवांची रांग १, २, ५, १०, १७ अशी आहे आणि दुसऱ्या अवयवांची ५, १०, १७, २६, ३७. म्हणजे तीच रांग दोन घरे पुढे सरकलेली. न⁴ + ४ मध्ये ४न² मिळवून तेवढेच वजा केले की (न² + २)² − (२न)² मिळते, आणि त्यातून (न² − २न + २)(न² + २न + २). या नित्यसमानतेला सोफी जर्मेन (१७७६–१८३१) यांचे नाव आहे. न = १ सोडल्यास न⁴ + ४ ही संख्या कधीच मूळ नसते, हे त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळते.

याच्या उलट न² + न + ४१ ही राशी घ्यावी. न च्या ० पासून ३९ पर्यंतच्या सर्व किमतींना ती मूळ संख्या देते आणि मुले नियम सापडला म्हणून निश्चिंत होतात. ४० ला काय होईल हे किंमत न काढता सांगता येते: ४० × ४१ + ४१ मधून ४१ सामाईक निघतो आणि ४१ × ४१ उरते.

पुढची पायरी संगणकावरची आहे. जिओजेब्रासारखे मोफत साधन बैजिक राशींचे अवयव क्षणात पाडते. ते उत्तरे उतरवण्यासाठी देऊ नये, तक्ते भरण्यासाठी द्यावे. क्ष² − १, क्ष³ − १, क्ष⁴ − १ असे क्रमाने अवयव लिहीत जावे. क्ष⁶ − १ पर्यंत हाताने करावे, ते (क्ष − १)(क्ष + १)(क्ष² + क्ष + १)(क्ष² − क्ष + १) येते. अवयवांची संख्या मोजली तर क्ष⁴ − १ चे तीन आणि क्ष⁶ − १ चे चार. ४ चे विभाजक तीन आणि ६ चे विभाजक चार. क्ष च्या बाराव्या घातासाठी किती अवयव येतील हे मुलांनी आधी सांगावे आणि मग संगणकाला विचारावे. याच तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसते की सर्व अवयवांत सहगुणक १, −१ किंवा ० एवढेच आहेत. पन्नासाव्या, सत्तराव्या, शंभराव्या घातापर्यंत गेले तरी हे बदलत नाही, आणि "नेहमी असेच असते" असे मुले ठामपणे म्हणू लागतात. त्या वेळी त्यांना १०५ वा घात घ्यायला सांगावे. आठ अवयवांपैकी एकाची कोटी, म्हणजे त्यातला क्ष चा सर्वांत मोठा घात, ४८ आहे आणि त्यात क्ष च्या सातव्या व एकेचाळिसाव्या घातांपुढे −२ उभा आहे. १०५ च्या आधी असे कोठेही घडत नाही. १०५ मध्येच असे काय आहे, हा प्रश्न वर्गात कोणीतरी विचारतोच; त्या वेळी खडू त्याच्या हाती द्यावा आणि १०५ = ३ × ५ × ७ ही ओळ त्यालाच फळ्यावर लिहू द्यावी.